तिसरी मेढ

थेरगाव,
गुरुवार, १८ जानेवारी २०२४

तीर्थस्वरूप कुसुमबाईंना,
रोहिदासचा साष्टांग नमस्कार.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, पण पत्राला हमखास उत्तर येतं, असं आमच्या वर्गातल्या शेखरने सांगितलं आणि तुमचा वाईचा पत्ता दिला. मी पाझरवाडीच्या शाळेत १९८८ साली आठवीत होतो. माझे वडील भिमाजी, ओढ्यापलीकडच्या भैरोबाला रोज दिवा लावायचे. त्यांना जाऊन आता बारा वर्षं झाली. मी चाकणला एका कंपनीत इन्स्पेक्शनला आहे. मशीनवरून आलेला माल मोजायचा, ड्रॉइंगप्रमाणे नसेल तर त्यावर लाल ठिपका द्यायचा. लाल ठिपका पडलेल्या मालाला मग कोणी हात लावत नाही. सत्तावीस वर्षं हेच काम करतो.

बाई, भैरोबाच्या मागचा मेढींचा कडा तुम्हाला माहीत असेल. काळ्या दगडाचे उभे खांब, एकाला एक चिकटलेले, मधाच्या पोळ्यासारखे. भैरोबाच्या लग्नाला मांडव घालायचा म्हणून मेढी रोवल्या, लग्न मोडलं, मेढी तशाच राहिल्या, असं गावात सांगतात. तुम्ही आम्हाला 'माझ्या गावचा निसर्ग' काढायला सांगितला होता. सगळ्या वर्गाने दोन डोंगर, मधून उगवता सूर्य आणि नारळाचं झाड काढलं. पाझरवाडीत नारळ देवळात फोडायलाच यायचा. मी कडा काढला. तुम्ही त्यावर लाल शाईने लिहिलंत, 'दगड असा नसतो. पट्टी वापरू नये.' चित्रकलेच्या परीक्षेला खेडला शेखर गेला. मी पुढे आयटीआय केलं.

बाई, माझ्याकडे तेव्हा पट्टी नव्हती.

तक्रार म्हणून लिहीत नाही. कड्याची जमीन आता शेखर आणि त्याच्या भागीदारांकडे आहे. तिथे 'मेढी व्हॅली' नावाची वसाहत होणार आहे आणि त्यासाठी मे महिन्यात कडा काढणार आहेत. नाव मात्र ठेवणार. मी पुन्हा एकदा कड्याचं चित्र केलं आहे, मोठं, रंगात. कंपनीच्या स्नेहसंमेलनात त्याला पहिला नंबर मिळाला. फोटो सोबत ठेवला आहे. बघून एवढंच कळवा, दगड असा असतो की नसतो. कडा जाण्याआधी तुमच्या हातचं उत्तर आलं तर बरं वाटेल.

मंडळी म्हणतात, "अहो, छत्तीस वर्षांपूर्वीचे मार्क आता वाढवून घेऊन काय मिळणार? बढती?" तरी लिहिलं.

आपला विद्यार्थी,
रोहिदास


वाई,
२७ जानेवारी २०२४

चि. रोहिदास यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आनंद झाला. चाकणला मोठ्या कंपनीत आहेस, मोजण्याचे काम करतोस, हे वाचून समाधान वाटले. आमच्या शाळेतून निघालेली मुले कुठे कुठे गेली!

तू म्हणतोस तो प्रसंग मला आठवत नाही. छत्तीस वर्षांत किती मुले, किती चित्रे. नारळाचे झाड फार सुरेख काढणारा एक मुलगा होता, तो तूच का? त्याला मी परीक्षेला पाठवले होते.

तुझे वडील मात्र आठवतात. त्यांना विसरणे अवघड आहे.

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पत्रे माझी भाची दिव्या वाचून दाखवते. फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला, काळे काहीतरी उभे आहे एवढे कळले. पुढच्या आठवड्यात उजव्या डोळ्याचे ऑपरेशन आहे. न पाहता मत देणे बरे नाही. मग कळवते.

तुझी,
कुसुमबाई


थेरगाव,
गुरुवार, ८ फेब्रुवारी २०२४

तीर्थस्वरूप बाई,
साष्टांग नमस्कार.

नारळवाला शेखर. मी नाही. पण तुमचा आशीर्वाद आला, तो मी माझ्याच नावावर धरून चाललो आहे.

शेखरला तुमचं पत्र दाखवलं. तो म्हणाला, "बघ भावा, बाईंना माझा नारळ ध्यानात हाय. तुझा दगड न्हाई." मग खांद्यावर हात टाकून म्हणाला, "तुझं चित्र आपल्या सेल्स ऑफिसात लावतो. येणाऱ्या गिऱ्हाइकाला कळलं पायजे, इथं काय होतं." मी म्हटलं, "काय होतं ते कळावं म्हणून ते होतं तसं ठेवलं तर?" तो हसला. "रोहिदास राव, मग गिऱ्हाईक राहणार कुठं?" त्यात खोट काढता येईना. माणूस वाईट नाही. वडिलांच्या दहाव्याला सगळ्यात आधी तोच आला होता.

स्नेहसंमेलनाला चित्र बघायला पुण्याहून एक परीक्षक आले होते. म्हणाले, "किती नैसर्गिक! अगदी समोर बसून काढल्यासारखं." मला बरं वाटलं. तेव्हा तुमची आठवण झाली, म्हणून पहिलं पत्र लिहिलं.

डोळ्याला जपा. घाई नाही, असं लिहिलं असतं, पण मे महिना लांब नाही.

रोहिदास


वाई,
२० फेब्रुवारी २०२४

चि. रोहिदास यास आशीर्वाद.

ऑपरेशन चांगले झाले. पट्टी निघाली त्या दिवशी आधी तुळस पाहिली, मग तुझे चित्र. दिव्याकडून भिंग घेतले. तू वरच्या बाजूने पाहून काढले आहेस, त्यामुळे खांबांचे माथे दिसतात. एक्केचाळीस मोजले. एक्केचाळीसही सहा बाजूंचे. सगळ्यांची जाडी एक. एकही कोपरा झिजलेला नाही. कुठे भेग नाही, कुठे गवताची काडी नाही.

रोहिदास, मी आता ऐंशीच्या घरात आहे आणि खोटे बोलायला माझ्याकडे फार वेळ नाही. परीक्षकांना काय वाटले ते वाटो. दगड असा नसतो. या वेळी तरी तू पट्टी वापरली आहेस ना?

रंग चांगले आहेत.

कुसुमबाई


थेरगाव,
गुरुवार, ७ मार्च २०२४

तीर्थस्वरूप बाई,
नमस्कार.

तुमचं पत्र आलं आणि मी आठ दिवस ते देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवून दिलं. रागच आला होता. रोज पूजेला बसलं की खण दिसायचा. देवापुढे बसून राग धरणं फार दिवस जमत नाही, म्हणून लिहितो.

पट्टी वापरली. गुण्या वापरला, कंपास वापरला. चित्र घरात बसून केलं, कड्यावर गेलोच नव्हतो. मेढी सहा बाजूंच्या असतात हे मला ठाऊकच होतं, त्यासाठी इतक्या लांब कशाला जायचं? एक माथा नीट आखला, त्याचा पुठ्ठा कापला, तो एक्केचाळीस वेळा गिरवला. आमच्याकडे नमुना एकदा पास झाला की पुढचा सगळा माल तसाच यायला लागतो.

मागच्या गुरुवारी आमची आठवड्याची सुट्टी होती. कड्यावर गेलो. शेखरने कोंडीराम नावाचा राखणदार ठेवला आहे, लातूरकडचा. त्याने विचारलं, "काय मोजायलाव साहेब?"

"बाजू."

"सरकारी हाव का?"

"नाही."

"मग बसा निवांत. चहा घेता?"

मी वरच्या पायवाटेवर बसलो आणि मोजू लागलो. पहिली मेढ पाच बाजूंची. दुसरी सहा, पण एक बाजू बोटभर आणि एक वीतभर. एक तर चारच. सत्तावीस वर्षं ज्या हिशेबाने मी माल नापास केला, त्या हिशेबाने देवाचा सगळा लॉट परत गेला असता.

आणि मग आठवलं. आठवीतल्या चित्रात मी काही मेढी पाच बाजूंच्या काढल्या होत्या. समोर होत्या तशा. तेव्हा पट्टी घ्यायची ऐपत नव्हती म्हणून चित्र खरं आलं, आणि तुम्हाला ते पट्टीने काढलेलं वाटलं. आता पट्टी आहे, चित्र खोटं आलं, आणि त्याला पहिला नंबर मिळाला. ते मी कपाटामागे उलटं ठेवलं होतं, पण शेखर येऊन घेऊन गेला. सेल्स ऑफिसात लागलं आहे.

गंमत अशी की कडा जायच्या वाटेवर असताना तिथे वर्दळ वाढली आहे. पूर्वी बाईमाणूस ओढ्यापलीकडे जात नसे, वडील जाऊ देत नसत. आता वसाहतीच्या जाहिरातीत एक मुलगी मेढीला टेकून हसत उभी आहे. कोणी अडवत नाही. अडवणारे गेले.

महिनाभर गुरुवारी जाऊन पेन्सिलने बघतो तसं काढणार आहे. हात सारखा सरळ जातो. डाव्या हाताने उजवा धरावा लागतो.

रोहिदास


वाई,
२ एप्रिल २०२४

चि. रोहिदास यास आशीर्वाद.

तुझे पत्र तीनदा वाचले. स्वतः वाचले.

दिव्याबरोबर आळंदीला जाऊन आले. येताना वाट थोडी वाकडी केली, त्यामुळे उशीर झाला. पाय सुजले आहेत. जास्त लिहीत नाही.

चित्र पूर्ण कर. झाले की पाठव. खोडरबर कमी वापर.

कुसुमबाई


थेरगाव,
गुरुवार, १६ मे २०२४

तीर्थस्वरूप बाई,
साष्टांग नमस्कार.

कडा गेला. महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात दोन पोकलेन लागली. सुरुंगाच्या जिलेटिन कांड्या लावाव्या लागल्या नाहीत. मेढींमध्ये आधीच भेगा होत्या, त्या नुसत्या बाजूला केल्या की मेढी सुट्या व्हायच्या. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, असा सोपा दगड आयुष्यात नाही बघितला. जसा कोणी आधीच कापून ठेवलाय."

भैरोबाला आधी हलवला, रीतसर, ब्राह्मण बोलावून. वसाहतीच्या गेटजवळ टाइल्सचं देऊळ बांधलं आहे. मला बघून शेखर म्हणाला, "भावा, देव पत्र्याखालून टाइल्समधी आला. तू तोंड पाडून का उभा? फक्त एसी लावायचा राहिलाय." त्याने देवळासाठी मनापासून केलं आहे, हे मला दिसतं. वडील असते तर रोज त्या टाइल्स पुसत बसले असते. तरी मला तिथे हात जोडताना सेल्स ऑफिसात आल्यासारखं वाटलं.

पेन्सिलचं चित्र सोबत पाठवतो आहे. मार्चमधले कागद बिघडले, हे एप्रिलच्या चार गुरुवारी केलं. देवाच्या जुन्या ओट्याला लागून डावीकडून ज्या नऊ मेढी होत्या तेवढ्याच काढल्या. जशा दिसल्या तशा. पहिली पाच बाजूंची, दुसरी सहा, तिसरी सहा, असं पुढे. आता हे ताडून बघायला कडा नाही. म्हणजे तुम्ही म्हणाल ते खरं.

बाई, बढती नको, नंबर नको. कागदाच्या कोपऱ्यात बरोबर आहे एवढी एक खूण करून परत पाठवा. आठवीतला रोहिदास अजून वर्गाच्या दारात उभा आहे, त्याला आत घ्या.

रोहिदास


वाई,
३० मे २०२४

चि. रोहिदास यास अनेक आशीर्वाद.

चित्र परत पाठवत आहे. आधी त्याच्यामागचे सगळे सांगते, मग चित्र उघड.

तुझ्या पहिल्याच पत्राने मला सगळे आठवले होते. आठवत नाही असे लिहिणे सोपे होते, म्हणून लिहिले. १९८८ मध्ये तुझे चित्र पाहून मला ते पुस्तकातून उतरवलेले वाटले. लाल शाईने लिहून मोकळी झाले. पण रात्री मनाला लागून राहिले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कडा पाहायला निघाले. ओढ्यात एक पाय घातला तेवढ्यात पलीकडून तुझे वडील आले. हातात तेलाची बुधली होती. म्हणाले, "बाई, म्हागं फिरा. बाईमानसानं वढ्याच्या फुडं यायचं न्हाई. द्येवाचं लगीन मोडलंय, त्याला बाईमानूस खपत न्हाई." मी म्हटले, "तुमच्याच मुलाच्या चित्रासाठी पाहायचे आहे." ते म्हणाले, "पोराला चार मार्क कमी द्या, पर म्हागं फिरा."

मी मागे फिरले आणि चार मार्क कमी दिले.

तुला कधी सांगितले नाही. बाहेरून आलेली एकटी शिक्षिका होते, गावाशी वाकडे घ्यायचे नव्हते. शिवाय मनात राग होता. भिमाजींचा राग मी त्यांच्या मुलावर काढला, असे आज वाटते. न पाहिलेल्या गोष्टीवर लाल शाई चालवणारी मी, आणि वर तुला शिकवते न पाहता काढू नये म्हणून.

तू लिहिलेस की आता कोणी अडवत नाही. त्याच महिन्यात आळंदीच्या निमित्ताने दिव्याची गाडी पाझरवाडीला वळवली. ओढ्यावर आता पूल आहे. तुझा कोंडीराम म्हणाला, "आज्जी, फ्लॅट बघायला आलाव का?" मी म्हटले, "हो, जुना फ्लॅट." त्याने हाताला धरून नेले. ओट्यापाशी खुर्ची ठेवली. अर्धा तास बसले. मला लांबचे नीट दिसत नाही, म्हणून मेढी हाताने पाहिल्या. दगड उन्हाने तापला होता. रोहिदास, दगड तसाच असतो. तुझे आठवीतले चित्र बरोबर होते.

हे लिहिले. आता चित्र उघड. त्यावर पुन्हा लाल शाई आहे, रागावू नकोस. तिसरी मेढ सहा बाजूंची नाही. सातवी बाजू ओट्याच्या अंगाला आहे, दोन बोटांएवढी, वरून दिसत नाही. हाताला लागते. मी दोनदा मोजली.

बाकी आठ बरोबर. तिसरी पुन्हा काढ.

तुझी,
कुसुमबाई


थेरगाव,
गुरुवार, २७ जून २०२४

तीर्थस्वरूप बाई,
साष्टांग नमस्कार.

वडिलांचं वाचून दोन दिवस देव्हाऱ्यापुढे दिवा लावला नाही. ज्यांनी आयुष्यभर त्या कड्यापाशी उजेड केला, त्यांनीच तो कोणाला दिसू दिला नाही. मंडळींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सासऱ्यांनी मलाही नव्हतं जाऊ दिलं. तुम्ही कधी विचारलंत?" मी कधी विचारलं नव्हतं. मग मीच पुन्हा नीट दिवा लावला.

आणि खरं सांगतो, तिसऱ्या मेढीवरची लाल शाई मला सहन झाली नाही. सत्तावीस वर्षांचा इन्स्पेक्टर मी, आणि ऑपरेशन झालेल्या एका डोळ्याच्या बाई माझी मोजणी चुकली म्हणतात! तेरा तारखेच्या गुरुवारी गेलो. कडा नाही, पण मेढींची बुडं जमिनीत आहेत. वरून कापल्यामुळे सगळी जमीन फरशी घातल्यासारखी दिसते, प्रत्येक मेढीच्या बाजू स्वच्छ. कडा उभा असताना इतकं नीट कधी दिसलं नव्हतं. ओट्याची खूण शिल्लक होती. तिसरं बूड शोधलं. मोजताना एक बाजू दोनदा धरली जाऊ नये म्हणून कंपनीतली लाल रंगाची डबी नेली होती. प्रत्येक बाजूला एक ठिपका देत गेलो.

सात झाले.

पुसून पुन्हा मोजावं म्हटलं, पण तो रंग पुसला जात नाही, त्यासाठीच तो असतो. डबी पिशवीत टाकून वाटेवर आलो. तेवढ्यात शेखर आला, हातात पेव्हर ब्लॉक घेऊन. "रोहिदास राव, तू क्वालिटीवाला. या जागेवर गार्डन करतोय, खाली हा ब्लॉक बसवायचाय. जरा बघ माल कसा हाय." ब्लॉक सहा बाजूंचा होता, बाई. माझ्या चित्रावरून साचा करून घेतला म्हणाला. मोजला. सहाही बाजू सारख्या. कोपरे बरोबर. मी पास केला. त्यात दोष नव्हता, काय करणार?

घरी येऊन तिसरी मेढ पुन्हा काढली. वीस तारखेच्या गुरुवारी जादा ड्युटी होती. आज शेवटचं बघून घ्यावं म्हणून गेलो. सगळीकडे ब्लॉक बसून झाले आहेत, एकसारखे, माझ्या पुठ्ठ्यासारखे. पण ओट्याच्या जागेपाशी गर्दी दिसली. सगळ्या बायका. जवळ गेलो तर मध्ये हातभर जागा मोकळी सोडलेली, भोवती ब्लॉक कापून नीट गोल केलेले, आणि त्यात ती तिसरी मेढ. माझ्या सात ठिपक्यांवर हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, एक नारळ.

ब्लॉक बसवणाऱ्या टोळीत सुमनताई म्हणून मराठवाड्याकडच्या एक बाई आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "दादा, वढ्याकाठी दगडाला सात शेंदराचे ठिपके. ह्या पाण्यातल्या देवी, साती आसरा न्हाईत तर काय हो? ह्यांच्यावर बलाक ठिवायचा म्हंजी हात झडतील. आमी तसंच सोडलं." शेखरची बायको मोनिका ओटी भरायला आली होती. शेखर लांब उभा होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "भावा, प्लॅनमधी हे नव्हतं. पण आता काढता येत न्हाई. कोणी केलं असंल हे?"

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर ब्लॉक बसला असता. कंपनीत मी ठिपका दिलेला माल भट्टीत जातो. एवढी एकच वस्तू त्या ठिपक्याने वाचली.

बाई, भैरोबाला बाईमाणूस खपत नाही म्हणून जिथे तुमचा पाय पडू दिला नाही, तिथे आता पुरुषांनी जरा लांबून पाया पडायचं, असा नियम गेल्या आठवड्यात निघाला आहे. मी लांबूनच नमस्कार केला. देवीला केला की तुमच्या हातच्या दुरुस्तीला, ते मला सांगता येणार नाही.

चित्र सोबत आहे. तिसरी सात बाजूंची केली आहे. तपासून पाठवा. शंका आली तर या आणि मोजा. तुम्हाला जवळ जाता येईल.

आपला विद्यार्थी,
रोहिदास